सही झाल्यावर वाट बदलायची तर : ना-हरकत दाखल्याचा इतिहास

आजचा विषय वरवर खेळाचा आहे. पण पीएच.डी.ला प्रवेश घ्यायच्या तयारीत असलेल्या प्रत्येकाच्या तो कामाचा आहे, कारण पुढच्या वर्षभरात तुम्ही बऱ्याच कागदांवर सह्या करणार आहात.

प्रश्न असा: एखाद्या तरुणानं एका संस्थेला शब्द दिला, सही केली आणि नंतर त्याला दुसरीकडे जावंसं वाटलं, तर त्याला सोडायचं की नाही हे कोण ठरवतं? आणि त्या ठरवणाऱ्याकडे ही ताकद येते कुठून?

अमेरिकेत हा प्रश्न दरवर्षी गाजतो. तिथल्या कॉलेजांच्या फुटबॉल संघांत (त्यांचं फुटबॉल वेगळं, अंडाकृती चेंडूचं) बारावीतली पोरं भरती होतात. १९६४ पासून तिथे एक ‘राष्ट्रीय हेतुपत्र’ होतं. पोरानं आणि पालकानं त्यावर सही केली की एक शैक्षणिक वर्ष त्याच कॉलेजात काढायचं. मधेच दुसरीकडे गेलं आणि पहिल्या कॉलेजानं मुक्त केलं नाही, तर खेळण्याचा एक हंगाम बुडाला. मग पोरं सोडपत्र मागायची. कधी घरची अडचण असायची, पण बऱ्याचदा कारण एकच असायचं: ज्या प्रशिक्षकाकडे बघून सही केली तोच निघून गेला.

आपल्याकडे कॉलेजच्या संघासाठी असं पत्र नसतं. पण आपल्याकडे क्रिकेट आहे, आणि क्रिकेटमध्ये ‘एनओसी’ आहे, म्हणजे ना-हरकत दाखला. त्याचा इतिहास बघायला वाशीम जिल्हा चांगली जागा आहे.

एका रेल्वेमार्गावर दोन संघ

अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावर वाशीम आणि हिंगोली ही दोन्ही स्टेशनं आहेत. दोन्हीकडची शेती सारखी, सोयाबीन-तूर सारखीच, लग्नसंबंधही एकमेकांत होतात. पण वाशीमचं पोरगं क्रिकेटमध्ये पुढे जायचं म्हटलं की विदर्भ क्रिकेट असोसिएशनकडे, म्हणजे नागपूरकडे बघतं. हिंगोलीचं पोरगं महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे, म्हणजे पुण्याकडे. एकाच राज्यात रणजीचे तीन संघ आहेत: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ.

असं का? कारण क्रिकेटचे नकाशे राज्य पुनर्रचनेच्या आधीचे आहेत. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून ब्रिटिशांच्या ताब्यात आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. वाशीम (तेव्हाचा ‘बासिम’) हा वऱ्हाडातला एक जिल्हा होता. १९०५ च्या फेररचनेत तो मोडला आणि वाशीम अकोल्यात गेलं. पुन्हा स्वतंत्र जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडला. हिंगोली मात्र निजामाच्याच राज्यात राहिली, परभणी जिल्ह्यात. रणजी करंडक १९३४-३५ मध्ये सुरू झाला तेव्हा नागपूरकडचा संघ ‘मध्य प्रांत आणि वऱ्हाड’ या नावानं खेळायचा. ‘विदर्भ’ हा संघ १९५७-५८ पासून दिसतो. पुढे १९६० मध्ये सगळे महाराष्ट्रात आले, पण क्रिकेटची हद्द जिथल्या तिथे राहिली.

म्हणजे वाशीमच्या पोराचा ‘मूळ संघ’ त्यानं निवडलेला नसतो. तो १८५३ च्या एका तहातून आलेला असतो. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे ‘निष्ठा’ हा शब्द येणार आहे.

राजेरजवाड्यांचा काळ

आता गंमत बघा. आज संघ बदलणाऱ्या खेळाडूला लोक पटकन ‘पैशाच्या मागे गेला’ म्हणतात. पण भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू मूळचे नागपूरचे. त्यांचा जन्म १८९५ मध्ये तिथेच झाला. १९२३ मध्ये होळकर महाराजांनी त्यांना इंदूरला बोलावलं, आपल्या सैन्यात हुद्दा दिला, आणि नायडू इंदूरचे झाले. नागपुरातच जन्मलेले हिरालाल गायकवाडही पुढे होळकर संघातून खेळले.

विजय हजारे सांगलीचे. महाराष्ट्राकडून खेळताना १९३९-४० मध्ये पुण्यात त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. कोणाविरुद्ध? बडोद्याविरुद्ध. आणि १९४१ पासून हजारे खेळायला लागले ते बडोद्याकडून, महाराजांच्या पदरी नोकरीला राहून. १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोदा आणि होळकर समोरासमोर आले. हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या विकेटसाठी ५७७ धावांची भागीदारी केली, आणि समोर होळकरचे कर्णधार होते सी. के. नायडू. सांगलीचा माणूस बडोद्याकडून, नागपूरचा माणूस इंदूरकडून. आजच्या भाषेत सांगायचं तर दोघेही ‘बाहेरचे खेळाडू’.

तेव्हा खेळाडूला धरून ठेवणारी गोष्ट होती नोकरी. महाराजांनी हुद्दा दिला की पोटापाण्याची सोय झाली, आणि पोटापाण्याची सोय जिथे तिथेच खेळ. ही पद्धत संस्थानं विलीन झाल्यावर ओसरली आणि राजांची जागा बँका, रेल्वे आणि कंपन्यांनी घेतली. मंडळाचे नियम पक्के होत गेले, तसा खेळाडूचा संबंध जन्म, वास्तव्य, शिक्षण आणि नोकरी यांवरून एका राज्य संघटनेशी जोडला गेला. तो तोडायचा तर त्या संघटनेचा ना-हरकत दाखला लागतो.

कायदा काय म्हणतो

इथे जरा थांबून कायद्याकडे बघू. मी विज्ञानाचा विद्यार्थी, पण न्यायालयाचे निकाल वाचायची सवय संशोधनात फार उपयोगी पडते: प्रत्येक निकालात आधी घटना, मग प्रश्न, मग युक्तिवाद, मग निष्कर्ष. शोधनिबंधासारखंच.

भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम २७ सांगतं की कोणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. वाक्य छोटं आहे. पण ‘रोखणं’ कधी मानायचं, यावर बरीच भांडणं झाली. त्यातली दोन आपल्या कामाची.

पहिलं, निरंजन शंकर गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग. कल्याणच्या कारखान्यात टायरमध्ये वापरायचा धागा तयार करण्यासाठी कंपनीनं हॉलंडच्या कंपनीकडून तंत्रज्ञान घेतलं होतं. १९६३ मध्ये गोलिकरी तिथे पाच वर्षांच्या करारावर शिफ्ट सुपरवायझर म्हणून लागले, प्रशिक्षण घेतलं, आणि १९६४ मध्ये नोकरी सोडून जास्त पगारावर कोट्याच्या राजस्थान रेयॉनकडे गेले. सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये निकाल दिला: कराराची मुदत चालू असताना तशाच कामाच्या दुसऱ्या ठिकाणी जाऊ नये ही अट चालेल, फार अन्यायकारक किंवा एकतर्फी नसेल तर.

दुसरं, झहीर खान यांचं. श्रीरामपूरच्या या गोलंदाजानं २००० मध्ये परसेप्ट डीमार्क कंपनीशी जाहिरातींच्या कामासाठी तीन वर्षांचा करार केला. त्यात एक अट होती: मुदत संपल्यावर दुसऱ्या कंपनीचा देकार आला तर तो आधी आम्हाला दाखवायचा, आम्ही तेवढेच पैसे दिले तर आमच्याकडेच राहायचं. मुदत संपल्यावर झहीर दुसऱ्या कंपनीकडे गेले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. २००६ चा निकाल: मुदतीनंतरही माणसाला बांधून ठेवणारी अट कलम २७ मध्ये बसत नाही.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की रेषा स्वच्छ दिसते. मुदतीच्या आत बांधिलकी, मुदतीनंतर मोकळीक. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये हीच रेषा पुसलेली होती. तिथे करार संपला तरी क्लब खेळाडूची नोंदणी आपल्याकडे ठेवून त्याला अडवू शकायचा. न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टहॅमनं याविरुद्ध दावा लावला, आणि १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही पद्धत व्यवसायावरचा गैरवाजवी निर्बंध ठरवली. पुढे युरोपात बेल्जियमच्या बोसमन यांच्या प्रकरणात १५ डिसेंबर १९९५ ला निकाल आला आणि करार संपलेल्या खेळाडूसाठी बदलीचे पैसे मागणं बंद झालं.

अजून एक मुद्दा, अगदी तरुण खेळाडूंचा. आपल्याकडे अठरा वर्षांखालच्या व्यक्तीनं केलेला करार मुळातच रद्दबातल. १९०३ च्या मोहोरी बिबी विरुद्ध धर्मदास घोष या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलनं हे ठरवून टाकलं. म्हणजे सोळा वर्षांच्या पोराची सही घेऊन कोणी त्याला कोर्टात खेचू शकत नाही.

मग दाखल्यात एवढी ताकद कुठून आली?

इथे खरा प्रश्न सुरू होतो. सही कायद्यानं एवढी दुबळी असेल, तर पोरं सोडपत्राची वाट बघत का बसतात?

उत्तर असं की धरून ठेवणारी गोष्ट त्या पोराची सही नसते. ती असते बाकीच्या सगळ्या संस्थांची आपसातली समजूत. अमेरिकेच्या हेतुपत्रात मुख्य कलम हेच होतं की सही झाली की बाकी कॉलेजांनी त्या पोराशी बोलणी थांबवायची. आपल्या क्रिकेटमध्ये दुसरी राज्य संघटना तुम्हाला दाखल्याशिवाय घेत नाही. कोर्टात जायची गरजच पडत नाही, पुढचं दार आपोआप बंद असतं. आणि खेळाडूचं वय वाढत असतं. एक हंगाम घरी बसणं म्हणजे काय, हे एकोणीस वर्षांखालच्या गटात खेळणाऱ्याला विचारा. ते वर्ष परत येत नाही.

आता हाच चष्मा लावून कॉलेजच्या ऑफिसकडे बघा. प्रवेश घेतला, मूळ टीसी आणि गुणपत्रिका जमा केल्या, आणि नंतर दुसरीकडे नंबर लागला. पहिलं कॉलेज मूळ कागद देईना, फी परत करीना. कितीतरी घरांनी हे सोसलंय. टीसी म्हणजे एक कागद, पण पुढचं प्रत्येक कॉलेज मूळ टीसीच मागतं म्हणून त्या कागदाला किंमत. विद्यापीठ अनुदान आयोगानं २००७ मध्ये एक सूचना काढली की कागद अडवू नका आणि फी परत करा. पण अडवणूक चालूच राहिली, म्हणून ऑक्टोबर २०१८ मध्ये सविस्तर अधिसूचना आली: मूळ प्रमाणपत्रं तपासून लगेच परत द्यायची, ठेवून घ्यायची नाहीत. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याआधी प्रवेश रद्द केला तर जवळपास पूर्ण फी परत, त्यानंतर तारखेप्रमाणे ९०, ८०, ५० टक्के आणि शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की काहीच नाही.

बघा, आयोगानं काय केलं. सोडायचं की नाही हा निर्णय संस्थेच्या मर्जीतून काढला आणि त्याची आधीच ठरलेली किंमत बांधून दिली. सोडपत्राच्या प्रश्नावर मला सापडलेलं सगळ्यात साधं उत्तर हेच आहे. जायला बंदी नको, पण जाण्याची किंमत सही करतानाच दोघांना माहीत हवी.

विदर्भाचा फायदा, विदर्भाचा तोटा

बदलीला नेहमी ‘गमावणं’ म्हणून बघायचं कारण नाही. वसीम जाफर २०१५-१६ च्या हंगामात मुंबईहून विदर्भात आले. १ जानेवारी २०१८ ला विदर्भानं दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. सामना कुठे होता? इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. नागपूरनं नायडूंना ज्या गावाला दिलं, तिथेच. पुढच्या वर्षी विदर्भानं करंडक राखला, आणि त्या हंगामात जाफर यांनी १,०३७ धावा केल्या.

करुण नायर यांना कर्नाटकच्या संघात जागा उरली नव्हती. ते २०२३ मध्ये विदर्भाकडे आले. २०२४-२५ च्या विजय हजारे करंडकात त्यांनी पाच शतकांसह ७७९ धावा केल्या. अंतिम सामना वडोदऱ्यात झाला आणि त्यांच्या विदर्भाला हरवलं ते कर्नाटकनंच. मार्च २०२५ मध्ये विदर्भानं तिसऱ्यांदा रणजी करंडक उचलला, आणि त्यानंतर नायर कर्नाटकात परतले. उलट दिशेनंही वाहतूक आहेच. २०१८ च्या त्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारे रजनीश गुरबानी पुढे महाराष्ट्राकडून खेळू लागले, आणि अमरावतीचे जितेश शर्मा २०२५ मध्ये बडोद्याकडे गेले.

सगळ्यात बोलकं उदाहरण यशस्वी जयस्वाल यांचं. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे गोव्याला जाण्यासाठी दाखला मागितला, आणि तो मिळाला. महिन्याभरात त्यांनी कळवलं की विचार बदललाय, मुंबईकडूनच खेळायचंय. तेही मान्य झालं. म्हणजे दाखला देणं आणि परत घेणं, दोन्ही शक्य असतं.

पण इथेच संशोधक म्हणून सावध व्हायचं. वरच्या यादीतली सगळी नावं मोठी आहेत. त्यांचे दाखले बातमी होतात म्हणून आपल्याला कळतात. तालुक्याच्या मैदानावरून आलेल्या, अजून रणजी न खेळलेल्या पोराचा अर्ज बातमी होत नाही. म्हणून जयस्वाल यांच्या उदाहरणावरून ‘दाखला सहज मिळतो’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे नमुना निवडतानाच केलेली गडबड. तुमच्यापैकी कोणाला इतिहास, समाजशास्त्र किंवा क्रीडाशास्त्रात विषय हवा असेल तर हा घ्या: जिल्हा पातळीवरचे बदलीचे अर्ज, किती आले, किती मंजूर झाले, किती दिवस लागले. नियम एका रकान्यात लिहा, प्रत्यक्ष व्यवहार दुसऱ्या रकान्यात. खरा शोध त्या दोन रकान्यांच्या फरकातच असतो.

करार संस्थेशी, ओढ माणसाशी

शेवटी तुमच्या सहीकडे येऊ. अमेरिकेच्या हेतुपत्रात स्पष्ट छापलेलं असायचं की तुमचा करार कॉलेजशी आहे, प्रशिक्षकाशी नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये रोक्वान स्मिथ या खेळाडूनं टीव्हीवर एका कॉलेजचं नाव जाहीर केलं. त्याच दिवशी कळलं की ज्या प्रशिक्षकासाठी तो तिकडे चालला होता तो दुसऱ्या नोकरीवर जातोय. स्मिथनं सही केलेलं पत्र पाठवलंच नाही. काही दिवसांनी तो जॉर्जिया विद्यापीठात गेला, तोही हेतुपत्रावर सही न करता, फक्त शिष्यवृत्तीचे कागद करून. त्यामुळे तो मोकळा राहिला. या पत्रावर सही करणं मुळात सक्तीचं नव्हतंच. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते हेतुपत्रच रद्द झालं आणि शिष्यवृत्तीच्या करारानं त्याची जागा घेतली.

पीएच.डी.चंही असंच असतं. नोंदणी विद्यापीठाकडे होते, पण आपण जातो मार्गदर्शकाकडे बघून. मार्गदर्शक दुसऱ्या विद्यापीठात गेले, निवृत्त झाले, किंवा तुमचंच गाव बदललं, तर? आयोगाच्या पीएच.डी. नियमावलीत, २०१६ च्या आणि नंतर २०२२ च्याही, एक तरतूद आहे: महिला संशोधकाला लग्नामुळे किंवा इतर कारणानं स्थलांतर करावं लागलं तर तिची संशोधनाची माहिती नव्या संस्थेत नेता येते. अटी दोन. ते काम जुन्या संस्थेनं किंवा मार्गदर्शकानं बाहेरून निधी आणलेल्या प्रकल्पाचा भाग नसावं, आणि आधी झालेल्या कामाचं श्रेय जुन्या मार्गदर्शकाला आणि संस्थेला द्यावं. ही तरतूद महिलांपुरती आहे. इतरांनी आपल्या विद्यापीठाचा अध्यादेश उघडून बघायचा.

तेव्हा अर्जावर सही करण्याआधी चार गोष्टी विचारा, आणि उत्तरं लेखी मागा. मार्गदर्शक बदलायचा नियम काय आहे? ते किती वर्षांत निवृत्त होणार आहेत? माझं काम कोणत्या निधीच्या प्रकल्पात मोडतं, आणि मी गेलो तर त्यातलं काय माझ्याबरोबर येईल? सोडताना ना-हरकत दाखला कोणी, किती दिवसांत द्यायचा? हे विचारल्यानं कोणाचा अपमान होत नाही. चांगले मार्गदर्शक स्वतःहून सांगतात.

निष्ठा चांगली गोष्ट आहे. पण वाशीमच्या पोराचा संघ एका जुन्या तहानं ठरवला, आणि नायडू-हजारेंनी संघ बदलले म्हणून त्यांची नावं कोणी पुसली नाहीत. उलट, आज देशाचा एक करंडक हजारेंच्या नावानं खेळला जातो आणि दुसरा नायडूंच्या. तुमचं काम तुमच्या नावावर राहतं. फक्त ते बरोबर नेता येईल का, हे सही करायच्या आधी वाचून घ्या.